कापसाची धूळ आणि आपली छाती

संपादकांनी कविता मागितली होती. कविता दोन तयार आहेत, पण त्या थांबतील. ह्या खेपेला हिशेब पाठवतोय. आपल्या पोरांना भाषणं पाठ आहेत, मलाही आहेत. पण एका पाळीत आपण किती धूळ आत ओढतो हे विचारलं तर आपल्यातला एकही उत्तर देणार नाही. ज्याला किती ते सांगता येत नाही त्याला कमी करा असं तरी कसं मागता येणार?

मी सूतगिरणीत आहे, ब्लोरूमला. औरंगाबादच्या बाहेर, म्हणजे आता पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहिलंय त्या शहराच्या बाहेर. गिरणीचं नाव लिहीत नाही, कारण ठेकेदाराकडं माझा कागद दर अकरा महिन्यांनी नवा होतो आणि मला तो नवा व्हायला पाहिजे. शाळा दहावीला सुटली. पुढचं जे काय शिकलो ते वाचनालयात, रद्दीत अन् मोबाईलवर.

ब्लोरूम म्हणजे गिरणीचं पहिलं दार. गठाणीच्या पट्ट्या तोडायच्या, दाबून दगड झालेला कापूस फोडायचा, पसरायचा, मशीनच्या तोंडी द्यायचा. मशीन तो झोडपतं. पुढं कार्डिंग, तिथं पेळू निघतो. मग ड्रॉफ्रेम, सिंप्लेक्स, रिंगफ्रेम. कापूस एकेक खातं पुढं सरकतो तसतसा स्वच्छ होत जातो. त्याची घाण मागं राहते. मागं आम्ही असतो.

हवेत उडताना जो पांढरा कापूस दिसतो, भुवयांवर बसतो, त्याला आम्ही फ्लाय म्हणतो. बाहेरचा माणूस त्यालाच धूळ समजतो. ती मोठी असते, नाकात अडकते, शिंकरली की निघते. खरी धूळ दिसत नाही. बोंडाभोवतीची वाळकी पानं, देठ, काडी यांचा चुरा होतो, तो इतका बारीक असतो की उन्हाची तिरीप आली तरच कळतो. त्या चुऱ्यावर जिवाणू वाढलेले असतात. त्यांच्या अंगचं विष चुऱ्याबरोबर छातीत खोल उतरतं आणि श्वासाच्या नळ्या आवळून धरतं. शास्त्रज्ञ आज प्रामुख्यानं त्या विषालाच दोष देतात. कापूस पांढरा आहे म्हणून त्याची धूळ पण गरीब असेल असं कुणी समजू नये.

आता ब्लोरूममध्ये, कार्डिंगच्या खाली वेस्ट काढायला, अन् झाडू मारायला कोण आहे ते मोजा. मी मोजलंय. आमच्या पाळीत त्या तीन जागांवर ठेक्याची माणसं आहेत, बहुतेक आपल्याच वस्त्यांतली. कुणी मुकुंदवाडीचं, कुणी खेड्यातून टेम्पोनं येणारं. कुठल्या रजिस्टरात जात लिहिलेली नाही. मुकादमाला विचारलं तर तो म्हणतो, जो येतो त्याला लावतो. बरोबर आहे. पण ह्या जागांवर येतं कोण, हे मुकादमाच्या बापाच्या आधीपासून ठरलेलं आहे.

आपल्या गावात १८८९ साली कापडाची गिरणी उभी राहिली, सातशे माणसं कामाला होती. पण जातीची गोष्ट नीट कळते ती मुंबईच्या गिरण्यांत. तिथं साचेखात्यात, म्हणजे जिथं कापड विणतात तिथं, अस्पृश्याला घेत नसत. का? धोट्यात नवी कांडी घातली की तिच्या सुताचं टोक भोकातून तोंडानं ओढून काढावं लागे. महाराची थुंकी सुताला लागली आणि तोच धोटा पुढं मराठ्याच्या ओठाला लागला तर विटाळ! साचेवाल्याची मजुरी जास्त. ती ह्या एका चुंबनापायी आपल्या आज्यापणज्यांना बंद होती. त्यांच्या वाट्याला कताईची खाती अन् झाडलोट.

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला, सहा महिने चालला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारलं की आमच्या माणसाला साचेखातं उघडं का नाही. ती मागणी मोठ्या नाखुशीनं यादीत गेली. मालकांनी हात झटकले. अन्याय असेल तर तो आमचा नाही, तुमच्या तुमच्यातला आहे, असा त्यांचा सूर. त्यात खोटं काय होतं? दहा वर्षांनी, १९३८ च्या फेब्रुवारीत, इथून जवळच मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आपल्यातले काही त्यातला पहिलाच लक्षात ठेवतात, काही डावे दोस्त दुसराच. ब्लोरूममध्ये दोन्ही एका पाळीत भेटतात.

गंमत पुढं आहे. ज्या धोट्याच्या चुंबनाला आपल्याकडं जातीचा मान होता त्याला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ मध्येच कायद्यानं बंदी घातली आणि इंग्लंडनं १९५२ मध्ये. कारण साधं. एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात रोग जातो, क्षयाची भीती, शिवाय धूळ सरळ घशात. म्हणजे तिकडं तोंडाला लागणारा धोटा रोग म्हणून मोजला गेला, आणि आपल्याकडं विटाळ म्हणून. आपल्या थुंकीचा हिशेब गिरणीनं पक्का ठेवला. आपल्या छातीत काय गेलं त्याचा ठेवला नाही.

माझा आजा मुंबईला होता, एका गिरणीत कताईच्या बाजूला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो कधी मिटला हे कुणी सांगितलंच नाही, आणि आजा गावी आला. सोबत एक ट्रंक, बाबासाहेबांची तसबीर आणि खोकला. मी लहान असताना तो रात्री भिंतीला टेकून बसलेला असे, कारण आडवं झालं की दम लागे. तालुक्याला डॉक्टरनं विचारलं, विडी ओढता का? आजा म्हणाला, ओढतो. झालं, डॉक्टरनं विडी लिहिली. गिरणीत किती वर्षं, कुठल्या खात्यात, सुट्टीनंतरच्या दिवशी छाती आवळते का, यातलं काही विचारलं नाही. आजा गेला. त्याच्या कागदावर विडी आहे. कापूस कुठंच नाही.

सुट्टीनंतरचा दिवस का विचारायचा, ते सांगतो. ह्या आजाराचं नाव बिसिनोसिस. त्याची खूण मोठी विलक्षण आहे. आठवड्याची सुट्टी घेऊन माणूस कामावर परत आला की त्याच दिवशी छाती दाटते, घट्ट पट्टा बांधल्यागत वाटतं. दुसऱ्या दिवशी कमी. मग पुन्हा सुट्टी, पुन्हा तेच. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये रिचर्ड शिलिंग नावाच्या डॉक्टरनं १९५० नंतरच्या वर्षांत ह्याच खुणेवरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. आधी एखाद्या सोमवारी, मग दर सोमवारी, मग सोमवारी आणि इतर वारीही, आणि शेवटची पायरी म्हणजे श्वास कायमचा कमी झाला. पहिल्या पायऱ्यांवर माणूस धुळीतून बाहेर काढला तर सुधारतो. शेवटच्या पायरीवरून परत येता येत नाही. मुंबईत डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सोबत्यांनी पाच वर्षं गिरणी कामगारांच्या मागं राहून हा आजार आणि साधा जुना दमा-खोकला वेगळा कसा ओळखायचा ते तपासलं, ते १९८१ मध्ये छापून आलं. तेव्हा आजा अजून कामावर होता.

इथं एक आपल्या गावचा घोळ आहे. आमची सुट्टी शुक्रवारी असते. पुस्तक वाचलेला डॉक्टर विचारतो, सोमवारी त्रास होतो का? आमचा माणूस प्रामाणिकपणे सांगतो, नाही. आमचा सोमवार शनिवारी येतो, हे डॉक्टरला कुणी सांगायचं?

आता मोजणीचं. आमच्याकडं एकदा हवा मोजायला एक पोरगा आला. डिप्लोमा झालेला, माझ्याच वयाचा, बोलायला चांगला. तिपाईवर त्यानं ॲल्युमिनियमची एक उभी नळकांडी लावली, खाली तोंड, वर छोटी गोल डबी, डबीत पांढरी चकती. मागं पंप. मी जवळ जाऊन विचारलं, त्यानं सगळं सांगितलं. पंप मिनिटाला ७.४ लिटर हवा ओढतो. त्या संथ चढणाऱ्या हवेत मोठे कण, फ्लाय वगैरे, खालीच राहतात. बारीक तेवढे वर चढून चकतीवर बसतात. चकती आधी तोलायची, नंतर तोलायची, वजनाचा फरक तीच धूळ. निदान सहा तास पंप चालला पाहिजे.

मी घरी येऊन आकडेमोड केली. सहा तासांत ओढली गेली २,६६४ लिटर हवा, म्हणजे सुमारे २.६६ घनमीटर. १९४८ च्या कारखाना कायद्यात भोपाळनंतर, १९८७ मध्ये, विषारी पदार्थांच्या मर्यादेची एक यादी जोडली गेली. त्यात कच्च्या कापसाच्या धुळीला आठ तासांच्या सरासरीनं घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा होती. म्हणजे चकतीवर अर्ध्या मिलिग्रॅमच्या जरा वर धूळ दिसली की मर्यादा गाठली. तांदळाच्या एका दाण्याचे चाळीस भाग करा, त्यातला एक. इतक्या थोड्यावर सगळा निकाल. मग ती तिपाई कुठं उभी आहे, किती वेळ, त्या दिवशी किती मशीन चालू आहेत, यालाच सगळी किंमत.

आणि माणसाचं? कष्टाचं काम करणारा आठ तासांत दहा घनमीटरच्या आसपास हवा ओढतो असं धरतात. मर्यादेतली हवा असली तरी पाळीला दोन मिलिग्रॅम. वर्षाला तीनशे पाळ्या, ६०० मिलिग्रॅम. तीस वर्षांत १८ ग्रॅम. सगळी आत राहत नाही, शरीर बरीचशी बाहेर टाकतं. पण तिला आत जाऊन यावं लागतं. पाळी आठाची बारा तासांची झाली की आत जाणारी दीडपट होते आणि छातीला विसाव्याचे तास घटतात. आठ तासांवर काढलेली मर्यादा तेव्हा कशाची मर्यादा राहते?

मोजणीच्या त्या दिवशी काय झालं ते जे पाहिलं तेवढंच लिहितो. सकाळी फरशीवर पाणी मारलं. एरवी बंद असलेला मोठा पंखा चालू झाला. गठाणी आल्या त्या नेहमीपेक्षा स्वच्छ. कार्डिंगच्या दोन मशीन देखभालीला म्हणून बंद. तिपाई दाराजवळ, जिथं वारा येतो. मी त्या पोराला म्हटलं, इकडं गठाणी फोडतो तिथं लाव ना. तो म्हणाला, "कुठं लावायची ते मी नाही ठरवत भाऊ." मी म्हटलं, माझ्या अंगावर का नाही लावत? तो म्हणाला की दगडाच्या, सिलिकाच्या धुळीला कॉलरला अडकवायचा छोटा पंप असतो, माणूस जाईल तिथं तो जातो. कापसाला ही उभी नळकांडीच मान्य आहे, ती जागा मोजते. मला त्या पोराचा राग आला नाही. त्यानं खरं सांगितलं. जागा मोजायची तर जागा कोण निवडतो तो मालक.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. खाणीच्या तोंडाशी खुर्ची टाकून अहवाल घेता आला असता. तपासणी म्हटलं की मला ते आठवतं.

तुम्हाला पँथरचं नाव कुठून आलं ते माहीत आहे, म्हणून आणखी एक माहीत असू द्या. अमेरिकेच्या दक्षिणेकडं कापसाच्या गिरण्या होत्या. काळ्या माणसाला १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत कताई-विणाईच्या यंत्रावर जवळजवळ उभं करत नसत. त्याला काम गठाणी फोडायचं, वाहायचं, झाडायचं. ओळखीचं वाटतं ना? सगळे रंग एकत्र आले तरी धूळ मागच्या खात्यातच जास्त होती. १९७५ मध्ये तिथल्या खोकणाऱ्या म्हाताऱ्या कामगारांनी ब्राउन लंग असोसिएशन काढली. गोऱ्यांनी, काळ्यांनी. गावोगावी दवाखाने भरवून लोकांना नळीत फुंकायला लावलं, आकडे जमवले, ते घेऊन सरकारच्या दारात बसले. १९७८ मध्ये नियम आला, सूत कातण्याच्या खात्यांना ०.२ मिलिग्रॅम. मालक कोर्टात गेले की खर्च फार, फायदा किती ते आधी तोला. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कामगाराचं आरोग्य असं खर्चाच्या तराजूत तोलायला कायदा सांगत नाही. तिथं जो ०.२ नियमात आला, त्याच्यामागं ही फुंकणारी म्हातारी माणसं आहेत.

ते वाचून आम्ही दहा जणांनी वर्गणी काढून फुंकायची एक प्लॅस्टिकची नळी घेतली. दम्याच्या रोग्यांना देतात ती, मेडिकलात मिळते. तोंडात धरून जोरात फुंकायचं, काटा सरकतो. तीनदा फुंकायचं, मोठा आकडा लिहायचा. शनिवारी पाळीच्या आधी आणि पाळी सुटल्यावर, मग तेच मंगळवारी. तोंडाची नळी प्रत्येकाची वेगळी, धुऊन. धोट्यासारखं नाही. माझे शनिवारी सकाळी ५२०, सुटताना ४७०. मंगळवारी उतार त्याच्या निम्मा. यावरून मला आजार आहे असं ठरत नाही. त्याला दवाखान्यातलं मोठं यंत्र लागतं, डॉक्टर लागतो. पण शनिवारी छातीला काहीतरी होतं एवढं वहीत आलं.

आमच्यात झाडूला एक मावशी आहे. पदर नाकावर आवळून बांधते, गुळाचा खडा गालात धरते. गूळ खाल्ला की धूळ उतरते असं सगळेच म्हणतात, ठेकेदार कधीमधी वाटतो पण. गूळ घशातून पोटात जातो. धूळ गेली ती वाट वेगळी. सर्वांत जास्त दम तिलाच लागतो, जिना चढताना दोनदा थांबते. मी नळी पुढं केली तर तिनं तोंड फिरवलं.

"न्हाई फुंकायची लेकरा. आकडा कमी आला अन् कुनी बघितला तं म्हनतील, म्हातारीच्या छातीत दम न्हाई, उद्यापासून येऊ नको. तवा कोन खाऊ घालीन, तू का तुझी वही?"

मला यावर बोलता आलं नाही. ती बरोबर होती. हवा मोजली आणि आकडा वाईट आला तर मालकाला पंखे, झाकणं, धूळ ओढणारी यंत्रणा बसवावी लागते. छाती मोजली आणि आकडा वाईट आला तर कामगार बदलला की झालं, ते स्वस्त पडतं. आजाऱ्याला मोजायचं आणि हवा तशीच ठेवायची याला तपासणी म्हणत नाहीत, छाटणी म्हणतात. आपले जे कार्यकर्ते वस्तीत आरोग्य शिबिरं भरवतात, त्यांनी कामगाराच्या छातीचा कागद कुणाच्या हातात जातो हे आधी ठरवावं. आमची वही गिरणीच्या आवारात जात नाही. नावं नाहीत, खुणा आहेत. मावशीची खूण आहे, तिच्यापुढं रकाना रिकामा आहे.

आता कायदा बदललाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाना कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची २०२० ची संहिता लागू झाली. जुन्या कायद्यात मर्यादेची यादी कायद्यालाच जोडलेली होती. नव्यात मर्यादा किती ते राज्य सरकारनं नियमांत ठरवायचं. विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला पूर्वी दहा माणसं पुरत, आता वीस लागतात. वर्षाची फुकट तपासणी चाळिशीच्या वरच्यांना, असं जाहीर करताना सांगितलं. मी सव्वीसचा. बिसिनोसिस कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, हे चांगलं. आणि कलम १४ मध्ये कामगाराला आपल्या आरोग्याबद्दलची, सुरक्षेबद्दलची माहिती मालकाकडून मागायचा हक्क आहे. जुन्यातही तसा होता. वापरलेला मी तरी पाहिला नव्हता.

आम्ही तोंडी विचारलं, मोजणीचा आकडा किती आला? ऑफिसातून एक शब्द आला: "मर्यादेत." मुकादम म्हणाला, "तुला कामून पायजे रे आकडा? कविता लिहायचीय का त्याच्यावर?"

मग आम्ही पत्र लिहिलं. कवितेला लागत नाहीत इतके दिवस त्याला लागले. कुठल्या तारखेला मोजलं? पंप किती तास चालला? तिपाई कुठल्या मशीनपासून किती फुटांवर होती? त्या वेळी किती कार्डिंग मशीन चालू होत्या, किती गठाणी फुटल्या? चकतीचं आधीचं वजन किती, नंतरचं किती? ब्लोरूममध्ये गठाणी फोडतात तिथं आणि वेस्ट काढतात तिथं का मोजलं नाही? पुढची मोजणी कधी, आणि त्या वेळी आमच्यातला एक माणूस तिथं उभा राहील काय?

सह्यांना माणसं कचरली. सहा झाल्या, सातवी होईना. कागद घडी घालून खिशात ठेवत होतो तर मावशी झाडू टेकवून आली. म्हणाली, वाच. सगळं वाचून दाखवलं. पदर नाकावरून खाली केला.

"फुंकायचं न्हाई म्हनले मी. सही न्हाई म्हनले का? आन इकडं."

तिला नाव तेवढं लिहिता येतं, ते तिनं सावकाश लिहिलं. पत्र स्पीड पोस्टानं गेलं. पावती वहीत, शनिवारच्या पानाला टाचून ठेवली आहे. उत्तर आलं तर पुढच्या अंकाला पाठवतो, नाही आलं तर दुसऱ्या पत्राची नक्कल.